चिठ्ठीत नसलेला माणूस

मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. बाहेरच्या खोलीत, जिथं इतर डॉक्टर आपली सर्टिफिकिटं लावतात, तिथं माझं काचेचं कपाट आहे. त्यात जगभरातले कॅल्साइटचे स्फटिक आहेत. मेक्सिकोचे, चीनचे, रोमेनियाचे, रशियाचे, आइसलँडचे. येणारा प्रत्येक पेशंट तिथं थांबतो आणि विचारतो, मॅडम, हे ग्रहांचे खडे आहेत का. नाही म्हटलं की त्याचा निम्मा रस जातो. मग तो विचारतो, मग ह्यांचा उपयोग काय. या प्रश्नावर मी पूर्वी भांडायची. आता नुसतं खुर्चीत बसा म्हणते.

उपयोग काहीच नाही, हे खरं आहे. कॅल्साइट म्हणजे चुनखडीतलंच खनिज. नाण्यानं ओरखडा उठतो, लिंबाच्या थेंबानं फसफसतं. माझ्या सासूबाईंनी एकदा मला मदत म्हणून रोमेनियाचा एक नमुना चिंचेच्या कोळानं घासला, देवाची तांब्याची भांडी घासतात तसा. दगड चकाकायच्या ऐवजी आंधळा झाला. आम्ही दोघी तीन दिवस एकमेकींशी बोललो नाही. शेवटी त्यांनीच विषय काढला, की एवढा नाजूक दगड असतो तरी कशाला. तो नमुना मी अजून ठेवलाय, तळाच्या फळीवर, मागे.

मी दंतवैद्य असल्यामुळे मला या छंदात एक सोय झाली. दातावरचं किटण काढायची हत्यारं स्फटिकाच्या खाचेतली माती काढायला अगदी नेमकी लागू पडतात. माझ्या जुन्या झालेल्या सगळ्या सुया आणि आकडे दगडांकडे जातात. त्यातून कॅल्साइटचा एक आकार तर थेट सुळ्यासारखा असतो, टोकदार, खाली जाड. टोक अखंड असलं तर तो नमुना. टोक उडालं की गोटा.

पण नुसत्या टोकानंही भागत नाही. दगडाबरोबर चिठ्ठी लागते. खनिज कोणतं, कुठल्या गावचं, कुठल्या खाणीतलं किंवा विहिरीतलं, कोणी काढलं. चिठ्ठी हरवलेल्या दगडाला संग्राहकांच्या जगात कोणी विचारत नाही. आणि आमचा एक कडक रिवाज आहे: जुनी चिठ्ठी कधी फाडायची नाही, खोडायची नाही. दगड दुसऱ्याच्या हातात गेला की नवा मालक आपली चिठ्ठी खाली जोडतो. शहराचं नाव बदललं तेव्हाही मी माझ्या चिठ्ठ्यांवरचं औरंगाबाद तसंच राहू दिलं आणि खाली नव्या नावाची चिठ्ठी लावली. या बाबतीत मी फार शिस्तीची आहे असा माझा लौकिक होता. तो लौकिक माझा मीच पसरवला होता.

कपाटाच्या तिसऱ्या फळीकडे मी सकाळी झाडलोट करताना पाहत नाही. तिथं इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीतला स्वच्छ, पाण्यासारखा कॅल्साइट आहे. सुंदर आहे. त्याच्या जागी आधी एक मधाच्या रंगाचा दगड होता.

तो मधाच्या रंगाचा दगड ज्यानं आणला तो विहिरी खोदणारा माणूस होता. सिल्लोडच्या पुढं, जळगाव रस्त्यापासून आत, त्याचं गाव. पहिल्यांदा आला तो दाढ सुजवून. एक गाल टोपलीएवढा झालेला, पण खुर्चीत बसायचं सोडून कपाटापुढं उभा. तोंड धड उघडत नव्हतं तरी बोलला, "असले लई निघतेत आमच्याकडं. आमी फोडून टाकतो." त्याची दाढ मी काढली, आणि त्यापेक्षा जास्त वेळ त्याला हे समजावण्यात घालवला की फोडू नका.

आपल्याकडचा काळा खडक आतून सगळाच भरीव नसतो. विहिरीत सुरुंग उडवला की मधूनच एखादी पोकळी उघडी पडते, आणि तिच्या भिंतींवर आतून स्फटिक उगवलेले असतात. माझ्या सांगण्यावरून तो ते जपून काढायला लागला. मी एकदाच दाखवलं, टोकाला हात लावायचा नाही, खालून खडकासकट सोडवायचा. त्यानंतर त्यानं एकही टोक मोडून आणलं नाही. आणायचा तो कापसात गुंडाळून. घरचा कापूस, सरकीसकट. दवाखाना उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायचा, आणि मी आत शिरून दिवा लावला की काचेच्या दारावर नखानं दोनदा वाजवायचा. पैसे मी द्यायची, त्याबद्दल त्याची कधी कुरकुर नव्हती. पण प्रत्येक वेळी तो कपाटातल्या चिठ्ठ्या बघत उभा राहायचा. त्याला मराठी अडखळत वाचता यायचं, इंग्रजी नाही. ही ओळ कशाची, ती ओळ कशाची, असं विचारायचा. एकदा त्यानं विचारलं, ही शेवटची ओळ कसली. मी सांगितलं, ज्यानं दगड काढला त्याचं नाव असतं.

याच सुमारास युरोपातल्या एका निवृत्त शिक्षकाशी माझा पत्रव्यवहार चालला होता. म्हणजे ईमेलच, पण तो पत्रासारखे लिहायचा. आयुष्यभर फक्त कॅल्साइट जमवलेला माणूस. आम्ही दगडांची अदलाबदल करायचो. त्यानं एकदा विचारलं, हे नमुने तुम्हाला मिळतात कसे. आणि मी, काय अवदसा आठवली कोण जाणे, लिहिलं की मी स्वतः विहिरीत उतरते. वास्तविक मला विहिरीच्या काठावर उभं राहिलं तरी गरगरतं. पण त्याचं जे उत्तर आलं त्यात इतकं कौतुक होतं, की पुढच्या पत्रात मी यारीचा, म्हणजे विहिरीतला मुरूम वर ओढणाऱ्या यंत्राचा, दोर, खालचा ओलसर वास, असलं सगळं वर्णनही करून टाकलं. ते सगळं मी विहीर खोदणाऱ्याकडून ऐकलेलं होतं.

मग तो मोठा दगड निघाला. एका दुपारी विहीर खोदणारा आणि त्याचा एक गडी असे दोघं खालच्या खडकासकट धरून घेऊन आले. कापूस बाजूला केला तर मधाच्या रंगाचा वीतभर सुळा, टोक शाबूत, आणि पायथ्याशी पांढऱ्या स्फटिकांची फुलं. असला नमुना पुन्हा माझ्या हाती येणार नाही हे मला तिथंच कळलं. ती पोकळी त्यानं दोन दिवस उघडी ठेवली होती, विहिरीच्या मालकाच्या शिव्या खाऊन. गडी चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर माझं नाव लिवा." मी म्हटलं, लिहिते की.

पंधरा दिवसांनी तो चिठ्ठी बघायला आला. चिठ्ठी तयार होती, नेहमीसारखी इंग्रजीत. खनिज, विहीर, गाव, तालुका, सगळं बरोबर. शेवटच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं होतं, पुढं डॉक्टर लावून. दगड त्या शिक्षकाकडे जाणार होता आणि त्याला मी काय काय लिहून बसले होते ते वर सांगितलंच आहे. मला वाटलं होतं हा माणूस एवढ्यात यायचा नाही. पण तो आला, आणि त्यानं विचारलं, माझं नाव कुठलं. मी चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे. बोट माझ्याच नावावर होतं.

त्यानं त्या चिठ्ठीची एक प्रत मागितली. मी झेरॉक्स दिली. क्रांती चौकात जाऊन त्यानं तिचं लॅमिनेशन करून घेतलं आणि परत येऊन मला दाखवून गेला. तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. मी मान हलवली आणि एका बाईच्या रूट कॅनालमध्ये डोकं घातलं.

दगड गेला. त्याच्या बदल्यात तो इंग्लंडचा कॅल्साइट आला, खाली चार चिठ्ठ्या जोडलेल्या. सगळ्यांत जुनी चिठ्ठी तपकिरी झालेल्या शाईची. त्यात खाण होती, गाव होतं, आणि शेवटच्या ओळीत एका खाणकामगाराचं नाव होतं. शंभर वर्षांपूर्वीचा असेल. त्याला कोणी ओळखत नाही, त्याचं थडगंही सापडायचं नाही, पण ज्यानं कोणी तो दगड त्याच्याकडून घेतला त्यानं त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी ती चिठ्ठी वाचली आणि डब्यात उलटी घालून ठेवली.

पुढं काही महिन्यांत तो विहीर खोदणारा गेला. सिल्लोडहून घरी जाताना जळगाव रस्त्यावर दुचाकीला ट्रकनं ठोकरलं. बरेच दिवस आला नाही म्हणून मी फोन केला तर बायकोनं उचलला. मी येते म्हणाले. गेले नाही. एकदा पेशंट होते, एकदा पाऊस होता, मग फार दिवस झाले होते. खरं कारण ती लॅमिनेशन केलेली चिठ्ठी. ती त्या घरात कुठंतरी असणार होती आणि मला ती दिसली असती.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी नाव देत नाही. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. पण सकाळी दिवा लावला की दारावर दोनदा नख वाजायचं. मी जाऊन बघायची, पायरी रिकामी. काच तापली की वाजते, असं मी स्वतःला सांगायची, आणि डिसेंबरच्या गारठ्यात काच कशी तापेल हे स्वतःला विचारायची नाही. कपाट बंद असतं, त्याला कुलूप आहे, तरी आतल्या दगडांवर कापसाचे तंतू सापडायचे. त्यानं कधी हात न लावलेल्या दगडांवर. चीनच्या, मेक्सिकोच्या. मी चिमट्यानं काढून टाकायची. महिन्याभरात परत.

काही कॅल्साइट अतिनील टॉर्चखाली उजळतात, आणि त्यातले काही टॉर्च बंद केल्यावरही जरा वेळ तेवत राहतात. हे मला ठाऊक होतं. पाहुण्यांना मी हा खेळ भर दुपारी कपाटावर काळा पडदा टाकून दाखवायची. एकदा त्या इंग्लंडच्या दगडावर टॉर्च मारली आणि बंद केली, तर तो फिकट उजेड धरून राहिला. मी मोजायला लागले. इतर दगड विझले. तो विझेना. पडद्याआड मी आणि तो दगड. मला वाटलं कोणीतरी माझ्या खांद्यावरून शेवटची ओळ वाचतंय. मी पडदा ओढून काढला आणि पाहुण्यांना सांगितलं, टॉर्चचा सेल गेला. त्यानंतर तो खेळ मी बंद केला. मी घाबरले होते, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं, कारण सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं.

अशी दोन वर्षं गेली. एका सकाळी त्याची बायको आली. मी तिला ओळखत नव्हते. बाकड्यावर नंबर लावून बसली, आपली पाळी आल्यावर आत आली, पण खुर्चीत बसली नाही. कुणाची कोण ते सांगितलं आणि पिशवीतून ती चिठ्ठी काढली. प्लॅस्टिकवर मधोमध कुंकवाचा गोल डाग होता, एकावर एक बोट टेकून जाड झालेला. कडा हळदीनं पिवळ्या.

"एवढं वाचून दाखवा मॅडम," ती म्हणाली. "पोरगी सातवीला हाय. ती म्हणती ह्यात पप्पाचं नावच नाय. मी तिच्या थोबाडीत दिली. म्हणलं, मॅडम खोटं लिवतील का. पण तवापासून झोप नाय मला."

मी चिठ्ठी हातात घेतली. मी सगळं खरं सांगणार आहे म्हणून हेही सांगते, की माझं बोट आपोआप शेवटच्या ओळीकडे निघालं होतं. एकदा जमलं होतं, परत जमलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. ती समाधानानं घरी गेली असती, आणि मीही. मग पोरीनं पुन्हा तेच म्हटलं असतं आणि पुन्हा मार खाल्ला असता. तिनं फक्त वाचलं होतं, आणि बरोबर वाचलं होतं. माझं बोट थांबलं.

मी म्हटलं, "तुमची मुलगी बरोबर आहे. जिथं त्यांचं नाव असायला पाहिजे, तिथं मी माझं लिहिलंय."

ती रडली नाही, भांडली नाही. मी भांडणाची वाट बघत होते, मला ते सोसलं असतं. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे इतके दिस मी रोज तुमच्या नावाला कुंकू लावलं."

तिनं विचारलं दगड कुठं आहे, मी सांगितलं परदेशात. तिथंही तुमचंच नाव का, तिनं विचारलं, मी हो म्हटलं. जाताना ती चिठ्ठी टेबलावर ठेवून गेली. दारात थांबून म्हणाली, "पोरीला तुमी येऊन सांगा. मी सांगितलं तर ती म्हणंल, मग मला मारलं कशाला."

मला रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. वाटलं, आधी तिकडची चिठ्ठी दुरुस्त करून घ्यावी, म्हणजे जाऊन सांगता येईल की बघा, आता नाव लागलं. मी त्या शिक्षकाला सगळं लिहिलं. विहीर, दोर, वास, हे सगळं उसनं होतं हेही. ते लिहिताना माझे कान गरम झाले होते. उत्तराला महिना लागला. त्यानं फार सभ्यपणे लिहिलं होतं. माझं पत्र तो दगडाच्या डब्यात जपून ठेवणार होता. पण नोंद बदलता येणार नाही. दगड निघाला त्या वेळी लिहिलेली चिठ्ठी प्रमाण, नंतर कोणी आठवून काय सांगतं ते प्रमाण नाही, हा आपला दोघांचाही नियम आहे, असं त्यानं लिहिलं. मला राग आला. दोन दिवस मी घरात आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी कळलं की त्याच्या जागी मी असते तर हेच उत्तर लिहिलं असतं, आणि बहुधा याहून तुसड्या भाषेत.

म्हणजे माझं खोटं आता माझ्या खऱ्यापेक्षा जुनं होतं, आणि जुन्याला मान होता. मी मेल्यावरही ते तसंच राहणार. दगड या हातातून त्या हातात जाईल, खाली चिठ्ठ्या वाढत जातील, आणि सगळ्यांत वर मीच त्या विहिरीत उतरलेली असेन.

एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. रिकाम्या हातानंच. अंगणात मका वाळत घातला होता आणि त्याची बायको कणसं सोलत बसली होती. तिनं मला बघून मान हलवली आणि पोरीला हाक मारली. पोरगी येऊन समोर गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिचे डोळे बापासारखे, वाचायला आसुसलेले. भिंतीवर त्याचा फोटो होता, त्याला हार होता. मी तिकडे फार वेळ बघू शकले नाही.

मी पोरीला सांगितलं की तू बरोबर वाचलंस. तिथं तुझ्या पप्पांचं नाव मी लिहायला पाहिजे होतं आणि लिहिलं नाही, स्वतःचं लिहिलं, मोठेपणासाठी. पप्पांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. आता ते बदलायला गेले तर बदलता येत नाही. तुझी माफी मागते. तिच्या आईनं हात न थांबवता ऐकलं.

"मला ठाऊक व्हतं," पोरगी म्हणाली. हे ती आईकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी पप्पाला बोट ठिवून दाखवलं, तवा पप्पा काय म्हणले?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं. त्या दिवशी तो कपाटाच्या काचेजवळ चिठ्ठी धरून उभा होता आणि माझ्या नावावरून त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं होतं, दोनदा. पोरीला मी काहीही सांगू शकले असते. पण तिच्यापुढं आता आणखी काही बनवून सांगायची माझ्यात ताकद नव्हती.

मी म्हटलं, "ते म्हणाले, इंग्रजीत माझं नाव एवढं लांब असतंय व्हय. आणि मी हो म्हटलं."

पोरीनं वाळत घातलेल्या मक्याचा एक दाणा उचलला.

"सगळ्या गावाला सांगत व्हते," ती म्हणाली. "इंग्रजीत माझं नाव लई लांब हाय म्हणून."

आईचे हात थांबले. मी तिथंच बसून राहिले. उठायचं कसं ते मला कळेना.